खुर्चीखालचा नट

8 नोव्हेंबर 2011. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील स्कॅम्प्टनचा हवाई तळ. ब्रिटिश हवाई दलाच्या 'रेड ॲरोज' या कसरती पथकातील एक हॉक विमान जमिनीवर उभे होते. आत बसलेले फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम उड्डाणाआधीची नेहमीची तपासणी करीत होते. वय अवघे 35. विमान हलले नव्हते, शत्रू नव्हता, आग नव्हती. अचानक त्यांच्या बैठकीखालचा बार उडाला आणि खुर्चीसकट ते सुमारे 200 फूट उंच फेकले गेले. वर गेल्यावर छत्री उघडायला हवी होती. ती उघडली नाही. खुर्ची त्यांना घेऊनच खाली आली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तूने जीव घेतला, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. पण या एका मृत्यूची चौकशी, मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या कोरोनरपुढील सुनावणी आणि शेवटी फौजदारी खटला असे सगळे मिळून सहा वर्षांहून अधिक काळ चालले. त्यातून जे बाहेर आले ते प्रत्येक अशा घराने वाचावे, ज्या घरातला मुलगा हवाई दलात जाऊ पाहतो, किंवा ज्या घरातला मुलगा हातात पाना घेऊन कुणाच्या तरी यंत्राचे नट आवळतो. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची घरे अधिक आहेत, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

ही खुर्ची नेमकी काय असते, ते आधी पाहू. लढाऊ आणि प्रशिक्षण विमानांत वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो ती 'इजेक्शन सीट' म्हणजे एक छोटी तोफच असते. दोन मांड्यांच्या मध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक मूठ असते. ती वर ओढली की काडतुसे फुटतात, खुर्ची रुळांवरून वर सरकते, खालचे रॉकेट पेटते आणि माणूस खुर्चीसह विमानाबाहेर फेकला जातो. मग खुर्चीच्या डोक्यावरून एक छोटी छत्री निघते. तिला ड्रोग म्हणतात. ती खुर्चीला हवेत स्थिर करते, आणि ठरलेल्या क्षणी खुर्चीपासून सुटून आपल्या ओढीने मोठी छत्री बाहेर काढते. मोठी छत्री फुलली की माणूस खुर्चीपासून वेगळा होतो. मूठ ओढल्यापासून छत्री फुलेपर्यंत जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्या वेळात कण्यावर शरीराच्या वजनाच्या दहा-पंधरा पट भार येतो, म्हणून यातून वाचलेल्या कितीतरी वैमानिकांच्या मणक्यांना इजा झालेली असते. तरीही वाचतात, हे महत्त्वाचे.

आधुनिक खुर्च्यांना 'झिरो-झिरो' म्हणतात. वेग शून्य असो, उंची शून्य असो, खुर्चीने माणसाला वाचवले पाहिजे असा त्याचा अर्थ. हॉकमधील खुर्ची याच प्रकारची होती. म्हणजे विमान उभे असताना ती चुकून उडाली, तरी कनिंगहॅम वाचायला हवे होते. एक चूक झाली असती तर ते आज कदाचित कंबरेला पट्टा बांधून नातलगांना ही हकिगत सांगत असते. चुका दोन झाल्या, आणि दोन्ही जमिनीवर झाल्या.

पहिली चूक मुठीची. खुर्ची जमिनीवर असताना चुकून उडू नये म्हणून मुठीत एक सेफ्टी पिन घालतात. हिला लाल फीत असते. 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' असे छापलेली लाल कापडी किचेन आपल्या तरुण पोरांच्या मोटारसायकलींना लटकलेली तुम्ही पाहिली असेल. ती फॅशन याच जातीच्या फितींवरून आलेली. पिन घातलेली असली की मूठ ओढता येत नाही, असा सर्वांचा समज. कोरोनरपुढील सुनावणीत उघड झाले की हॉकमधील मूठ जागची हलून धोक्याच्या स्थितीत गेली असली, तरीसुद्धा ही पिन तिच्यात घालता येत असे. बाहेरून पाहणाऱ्याला लाल फीत दिसणार, पिन जागेवर दिसणार, आणि तो निश्चिंत होणार. प्रत्यक्षात पिनेने काहीच अडवलेले नसणार. ही व्यवस्था निव्वळ निरुपयोगी असून उलट दिशाभूल करणारी आहे, असा अभिप्राय कोरोनरने 2014 मध्ये दिला.

मूठ कशी हलली? चार दिवस आधीच्या उड्डाणाच्या वेळी खुर्चीचा एक पट्टा मुठीतून ओवला गेला आणि मूठ जागची सरकली, असा निष्कर्ष निघाला. त्या चार दिवसांत सात जणांना मिळून एकोणीस वेळा ती मूठ पाहण्याची संधी आली होती. एकोणीस वेळा! कुणाच्याही लक्षात आले नाही. हे वाचून आपण पटकन म्हणतो, काय निष्काळजी लोक. मला तसे वाटत नाही. लाल फितीची पिन घातलेली दिसत असेल तर विसाव्या माणसानेही तेच केले असते. धोका झाकणारी खूण नसती, तर त्यांनी मुठीकडे जास्त निरखून पाहिले असते.

दुसरी चूक नटाची. छोटी छत्री खुर्चीच्या वरच्या टोकाला एका कात्रीसारख्या कडीने अडकवलेली असते. तिला शॅकल म्हणतात. योग्य क्षणी ही कडी उघडली पाहिजे, म्हणजे ड्रोग सुटेल आणि मोठ्या छत्रीला ओढेल. कडीत एक बोल्ट आणि त्यावर एक नट. तो नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता. कडीचे दोन कान एकमेकांवर दाबले गेले, कडी अडकली, छोटी छत्री खुर्चीला चिकटूनच राहिली. मोठी छत्री आतल्या आत घडी घातलेली राहिली.

आता कोणत्याही फिटरला विचारा. त्याला उस्तादाने शिकवलेले असते की नट सैल राहिला तर अनर्थ, नटाबाहेर बोल्टचे एक-दोन आटे दिसले पाहिजेत, पाना शेवटपर्यंत फिरव. नव्याण्णव ठिकाणी हे बरोबर असते. शंभराव्या ठिकाणी घट्ट आवळणे हीच चूक असते, कारण तिथे तो सांधा योग्य वेळी सुटणे हेच त्याचे काम असते. हे फरकाचे ज्ञान हाताला आपोआप होत नाही. ते कुणीतरी सांगावे लागते, आणि लिहून द्यावे लागते.

ते कुणाला माहीत होते का? होते. खुर्ची बनवणाऱ्या मार्टिन-बेकर कंपनीला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून या धोक्याची कल्पना होती. नट जास्त आवळला तर कडी अडकू शकते, हे तिला ठाऊक होते. पण ब्रिटिश हवाई दलाच्या तंत्रज्ञांपर्यंत तशी लेखी ताकीद पोहोचली नाही. सुमारे वीस वर्षे ही माहिती कंपनीकडे राहिली, आणि तळावरचे हात आपल्या सवयीने नट आवळत राहिले.

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा 1974 चा एक कायदा आहे. त्याखाली सरकारच्या सुरक्षा खात्याने कंपनीवर खटला भरला. जानेवारी 2018 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि पुढच्याच महिन्यात लिंकनच्या न्यायालयाने तिला 11 लाख पौंडांचा दंड ठोठावला. खटल्याच्या खर्चापोटी आणखी साडेपाच लाख पौंड.

या कंपनीबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर या दोन मित्रांनी ती उभी केली. 1942 मध्ये आपल्याच नव्या विमानाची चाचणी घेताना बेकर मरण पावले. त्या धक्क्यानंतर वैमानिकाला विमानातून जिवंत कसे बाहेर काढता येईल, याच प्रश्नाला मार्टिन यांनी आयुष्य वाहिले. 1946 मध्ये बर्नार्ड लिंच नावाचा त्यांचा कामगार उडत्या विमानातून या खुर्चीने स्वतः बाहेर पडला. कामगार, वैमानिक नव्हे, हे लक्षात घ्या. या कंपनीच्या खुर्च्यांनी आजवर जगभरात साडेसात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत. मित्राच्या मृत्यूतून जन्मलेल्या कामाची ही कमाई आहे. आणि तरीही एका नटाबद्दलचा कागद योग्य हाती गेला नाही. चांगली नियत आणि मोठे नाव एवढ्यावर ही अमानत सांभाळली जात नाही, हे त्या खटल्याने दाखवले.

काडतुसात पूडच नाही

आता अमेरिकेकडे येऊ. एप्रिल 2022 मध्ये युटा राज्यातील हिल हवाई तळावर एका एफ-35 विमानाच्या खुर्चीची नेहमीची तपासणी चालू होती. एक काडतूस हाताला हलके लागले. उघडून पाहिले तर पेट घेण्यासाठी जी मॅग्नेशियमची पूड आत असायला हवी, तीच नव्हती. म्हणजे वैमानिकाने मूठ ओढली असती, तर त्या काडतुसाने आपले काम केलेच नसते.

अशी काडतुसे इतर विमानांतही असू शकतात म्हणून शोध सुरू झाला. जुलैच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षण विभागाने टी-38 जातीची 203 आणि टी-6 जातीची 76 प्रशिक्षण विमाने तपासणीसाठी जमिनीवर थांबवली. पावणेतीनशेहून अधिक विमाने, आणि त्यांत शिकणारी विशी-पंचविशीतली पोरे. वेळापत्रक कोलमडले असणार, वरिष्ठ वैतागले असणार. पण निर्णय योग्य होता. या खुर्चीची अडचण अशी की तिची खरी परीक्षा एकदाच होते आणि ती होताना आत माणूस असतो. गाडीचा ब्रेक आपण रोज दाबून पाहतो. खुर्चीचे काडतूस फोडून पाहिले की ते संपले. म्हणून सगळा भरवसा कारखान्यातल्या तपासणीवर, बॅच क्रमांकांच्या नोंदींवर आणि मुदत संपण्याआधी भाग बदलण्यावर. काडतुसांनाही औषधांसारखीच मुदत असते.

उलट बाजूची घटना दोनच वर्षांनी घडली. 13 मे 2024 रोजी टेक्सासमधील शेपर्ड तळावर टी-6 विमान उड्डाण संपवून जमिनीवर असताना प्रशिक्षकाची खुर्ची उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. एकीकडे खुर्ची नको तेव्हा उडते, दुसरीकडे हवी तेव्हा उडणार नाही अशी भीती. ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळायची असतात. मूठ इतकी सहज ओढली गेली पाहिजे की घाबरलेला, चक्कर आलेला, एका हाताने जखमी झालेला वैमानिकही ओढू शकेल. आणि इतकी सहज नको की पट्ट्यात अडकून सरकेल. अभियंत्यांनी यावर कितीही डोके चालवले तरी शेवटचा बराचसा भार पिन घालण्याच्या आणि काढण्याच्या शिस्तीवरच येऊन पडतो.

प्रशिक्षण विमानाची आणखी एक अडचण म्हणजे त्यात दोघे बसतात. एकजण शिकवणारा, एकजण शिकणारा. कुणी मूठ ओढली की कुणाची खुर्ची उडणार, आधी कोण, नंतर कोण, हे सगळे आधीच ठरलेले असावे लागते. दोन्ही खुर्च्या एकत्र उडाल्या तर हवेत एकमेकींवर आदळतील. आणि शिकणाऱ्याचा हात थरथरत राहिला तर त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार? 20 मार्च 2018 रोजी याच रेड ॲरोज पथकाचे हॉक विमान वेल्समधील व्हॅली तळावर कोसळले. पुढे बसलेला वैमानिक खुर्चीने बाहेर पडून वाचला. मागे बसलेले अभियंता कॉर्पोरल जोनाथन बेलिस वाचले नाहीत. विमान इतके खाली होते की त्यांच्या हाती वेळच उरला नव्हता.

आपल्याकडे

आपल्या देशाची कहाणी वेगळ्या टोकापासून सुरू होते. आपल्याकडे खुर्ची बिघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नवशिक्यांच्या विमानात अशी खुर्चीच नव्हती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेल्या एचपीटी-32 दीपक या विमानावर 1984 पासून पंचवीस वर्षे आपल्या हवाई दलाची पोरे पहिले धडे गिरवत होती. एक पिस्टनचे इंजिन. ते हवेत बंद पडले की विमान धड तरंगतही नसे, आणि बाहेर पडायला इजेक्शन सीट नाही. या विमानाचे 17 अपघात झाले आणि 19 वैमानिक गेले, असे त्या काळी प्रसिद्ध झाले. जुलै 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातील मेदक जिल्ह्यात एक विमान कोसळून दोन प्रशिक्षक ठार झाले, तेव्हा कुठे ही सगळी विमाने कायमची थांबवली गेली.

पंचवीस वर्षे! त्या 19 घरांत 'मशीन जुने होते' एवढे उत्तर पुरेसे वाटले असेल का? मुलगा एनडीएत गेला म्हणून गल्लीत पेढे वाटले जातात, अम्मी दुआ करते, अब्बा छाती फुगवून मशिदीबाहेर लोकांना सांगतात. तो कोणत्या विमानावर शिकतो आणि त्यात खुर्ची कोणती आहे, हे विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही. विचारले तर मुलगाच हसण्यावारी नेईल.

त्यानंतर स्वित्झर्लंडकडून पिलाटस पीसी-7 जातीची 75 विमाने घेतली गेली आणि 2013 पासून ती हैदराबादजवळच्या डुंडीगल येथील अकादमीत उडू लागली. त्यांत इजेक्शन सीट आहे. पण 4 डिसेंबर 2023 रोजी त्याच मेदक जिल्ह्यात असेच एक पिलाटस कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघेही गेले. खुर्ची असणे ही पहिली पायरी. ती वेळेवर वापरली जाणे, वापरण्याइतकी उंची आणि क्षण हाती असणे, ही पुढची. वैमानिकांच्या जगात हे सर्वांना माहीत असते की विमान वाचवण्याच्या प्रयत्नात दोन-तीन सेकंद जास्त थांबणारे बरेचजण जातात. त्यात भित्रेपणाचा आरोप होण्याची भीती मिसळलेली असते. 'विमान सोडून पळाला' असे बोलणारी जीभ गावात असते तशी तळावरही असते. म्हणून मूठ ओढायचा निर्णय उंचीचा आकडा पाहून घ्यायचा, मानापमान पाहून नाही, हे शिकवण्यातच बराच वेळ घालवावा लागतो.

कनिंगहॅम ज्या जातीच्या विमानात गेले, त्याच हॉकच्या नव्या आवृत्तीवर आपले लढाऊ वैमानिक शिकतात. त्यांचा तळ बीदरला आहे, आपल्या उदगीरपासून फार दूर नाही. तिथल्या खुर्च्याही मार्टिन-बेकरच्याच. सूर्यकिरण पथकही हॉकच उडवते. फेब्रुवारी 2019 मध्ये बंगळुरूजवळ येलहंका येथे सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. दोन वैमानिक खुर्चीने बाहेर पडून वाचले, विंग कमांडर साहिल गांधी गेले.

आणि आता हे काम थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचले आहे. एचपीटी-32 च्या जागी स्वदेशी एचटीटी-40 हे प्रशिक्षण विमान बनते आहे. हवाई दलाने अशी 70 विमाने मागवली आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्याची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. या विमानात झिरो-झिरो खुर्ची आहे. नाशिक, ओझर, निफाड, मालेगाव या पट्ट्यातील आयटीआय झालेल्या किती तरुणांचे हात या कामाला लागतील! इंग्लंडमधला तो नट आवळणारा तंत्रज्ञ कुणी खलनायक नव्हता. तो यांच्यासारखाच होता. त्याला नेमके किती आवळायचे हे सांगणारा कागद मिळाला नव्हता.

म्हणून या क्षेत्रात शिकणाऱ्या मुलांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. टॉर्क पाना का वापरतात, ते वरवर पाठ करू नका, समजून घ्या. मॅन्युअल इंग्रजीत असेल तर समजेपर्यंत वाचा, न समजल्यास वरिष्ठांना विचारा, विचारताना कमीपणा मानू नका. 'आमच्याकडे असेच करतात' हे उत्तर मिळाले तर ते कुठे लिहिले आहे तेवढे विचारा. आखातात नोकरीला गेलेली आपली पोरे विमानतळांवर, तेल कंपन्यांत, लिफ्टच्या कामांवर असतात. तिथेही हाच प्रश्न विचारायचा हक त्यांना आहे.

एक मुद्दा मुलींचा. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी. त्यांतल्या आणि पुढच्या तुकड्यांतल्या काही विमानात बसतील. या खुर्च्या अनेक वर्षे मध्यम बांध्याचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून घडवल्या गेल्या. हलक्या शरीराला तोच धक्का जास्त बसतो, विशेषतः मानेला, कारण डोक्यावर जड हेल्मेट असते. एफ-35 वर 2015 मध्ये 136 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 62 किलोपेक्षा कमी वजनाच्या वैमानिकांना याच कारणाने उड्डाणास मनाई केली होती. हलके हेल्मेट, मानेमागे आधार आणि छत्री किंचित उशिरा उघडण्याची सोय केल्यावर 2017 मध्ये ती उठवली. अमेरिकेचे नवे प्रशिक्षण विमान टी-7 तर लहान-मोठ्या सर्व बांध्यांच्या मुलामुलींसाठी म्हणूनच आखले गेले. पण 2021 मधील चाचण्यांत पुतळ्यांना बसलेले धक्के पाहून डोक्याला मार लागण्याची शंका आली, आणि खुर्ची सुधारण्यात त्या विमानाचे वेळापत्रक मागे पडले. उशीर झाला म्हणून टीका झाली. खुर्ची मात्र पुतळा बसवून पुन्हा पुन्हा तपासली गेली.

उड्डाणाआधी खुर्चीच्या पिना काढल्या की वैमानिक त्या खाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला दाखवतो. तो त्या मोजतो. विमान परतल्यावर त्या पुन्हा जागेवर बसल्या की नाही, हे पुन्हा पाहिले जाते. हॉकच्या चौकशीनंतर या मोजणीत एक बारीक भर पडली पाहिजे हे सर्वांना कळले. पिन आत आहे एवढे पाहून भागत नाही. आधी मूठ पूर्ण खाली बसली आहे की नाही ते पाहायचे, आणि मग पिन.